विंगेतले देवल

युवा महोत्सव जवळ आला, की बिद्रीच्या दूधसाखर महाविद्यालयासारख्या ग्रामीण कॉलेजांतून एकांकिकेची धांदल सुरू होते. कुणी जाणता दिग्दर्शक बाहेरून बोलवायचा, त्याने आठ-पंधरा दिवस मुक्काम ठोकून पोरांना उभं राहायला, बोलायला शिकवायचं आणि प्रयोग झाला, की पिशवी उचलून पुढच्या गावी जायचं. अशा मुक्कामी मास्तरांचा मूळपुरुष शोधू गेलं, तर कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जावं लागतं. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली तिथे जन्मले.

देवल मुळात शाळामास्तरच. बेळगावच्या हायस्कुलात शिकवत असताना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला आणि खडूच्या जागी नाटकाची वही हाती आली. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, तरी शिष्याची वही मिटली नाही. 'मृच्छकटिक', 'झुंझारराव', मग १८९९ मध्ये 'शारदा'. पैशासाठी जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर घराघरांत पोचली आणि देवल नाटककार म्हणून अजरामर झाले.

त्यांचं दुसरं काम मात्र पडद्यामागेच राहिलं. बदलीच्या नोकरीत उमेद घालवल्यामुळे असेल, पण मला तो तालीममास्तरच अधिक जवळचा वाटतो. १९०५ साली नारायण राजहंस हा कोवळा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. गळा आणि रूप देवाने दिलेलं. अभिनयाचे धडे दिले देवलांनी. गणपतराव बोडसही त्यांच्याच हाताखालचे. हेल काढून आरडाओरडा करण्याच्या त्या काळात देवलांचा कटाक्ष साध्या, स्वाभाविक बोलण्यावर होता. त्यांची पदंसुद्धा पाहा: शब्द इतके घरगुती, की पात्र बोलता बोलता गाऊ लागलं असं वाटावं. नाटक छापून उरतं. तालीम उरते ती फक्त शिष्यांच्या अंगात.

मोलियेरच्या प्रहसनातून इंग्रजीमार्गे आलेलं 'फाल्गुनराव' त्यांनी १८९३ मध्ये गद्यात लिहिलं होतं. अखेरीस त्यालाच पदं घालून 'संशयकल्लोळ' सजवलं. १४ जून १९१६ रोजी देवल गेले. २० ऑक्टोबरला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग लावला. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती. विंगेत मास्तर नव्हते.