लोखंडी नांगर

सोलापूर जिल्ह्यातील काळी जमीन मोठी विलक्षण असते. पावसाळ्यात ती इतकी चिकट होते, की पाय रुतला तर सहजासहजी निघत नाही. उन्हाळ्यात तीच जमीन तापून दगडासारखी कठीण होते आणि तिला जागोजागी खोल भेगा पडतात. अशा रानात हरळी किंवा कुंदा यांसारखे तण एकदा शिरले, की त्याच्या मुळ्या खोलवर जाऊन बसतात. पूर्वी ही जमीन नांगरणे हे एक दिव्यच असे. बाभळीच्या लाकडाचा अवजड नांगर, त्याला जुंपलेल्या तीन-तीन, चार-चार बैलजोड्या आणि त्या हाकणारी दोन-तीन माणसे, एवढा सारा खटाटोप करावा लागे. इतके करूनही तो नांगर माती नुसती फोडीत असे. खालची माती वर आणि वरची खाली करणे त्याला जमत नसे. मुळ्या जागच्या जागी राहत आणि पहिल्या पावसाबरोबर तण पुन्हा डोके वर काढी. ज्या शेतकऱ्यापाशी एकच बैलजोडी असे, तो शेजाऱ्याच्या बैलांची वाट पाहत बसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या सोलापूर शहरात वासुदेवराव किर्लोस्कर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे बंधू लक्ष्मणराव हे बेळगावास लहानसा कारखाना चालवीत. लक्ष्मणरावांचा थोरला मुलगा शंतनू याचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरातच झाला. त्याच सुमारास लक्ष्मणरावांच्या हातून एक लोखंडी नांगर तयार होत होता. दख्खनच्या काळ्या रानात पुढे या नांगराने जे काम केले, ते पाहून त्याचा कर्ता कोणी मोठा विद्वान असावा असे वाटेल. प्रत्यक्षात शाळेच्या अभ्यासात त्याचे मन कधीच रमले नव्हते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित होते. घरात ग्रंथांना मान होता, पाठांतराला मान होता. अशा घरातील मुलाने चांगले शिकावे, परीक्षा द्याव्यात आणि मग सरकारी कचेरीत चिकटावे, अशी त्या काळची रीत होती. लक्ष्मणाचे मन मात्र पुस्तकाच्या पानावर ठरत नसे. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते : एक चित्रे काढणे आणि दुसरे यंत्रे पाहणे. एखादी वस्तू कशी चालते, तिच्या आत काय आहे, हे कळल्यावाचून त्याला चैन पडत नसे. पण या कुतूहलाला परीक्षेत गुण मिळत नसत. शाळेच्या दृष्टीने तो मागे पडणारा विद्यार्थी आणि वडिलांच्या दृष्टीने तो काळजीचा विषय होता. काशिनाथपंतांना दोष देण्याचे कारण नाही. चित्रे काढून आणि खिळे-स्क्रू जोडून कोणाचा संसार चालल्याचे त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते.

थोरले बंधू रामूअण्णा यांनी मात्र लक्ष्मणाची ओढ ओळखली. त्यांनी पैशाची सोय केली आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांच्या मनाविरुद्ध लक्ष्मण मुंबईला आला. तेथील जे. जे. कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला. आता आवडीचाच विषय असल्यामुळे सारे सुरळीत होईल, असे कोणालाही वाटले असते. रेखाटनात लक्ष्मणाचा हात खरोखरच चांगला होता. परंतु रंगकाम सुरू होताच एक अडचण उघडकीस आली. काही रंगांच्या छटांमधील भेद त्याला ओळखताच येत नव्हता. हा डोळ्यांचा जन्मजात दोष असतो; त्याला रंगांधळेपणा म्हणतात. सराव करून तो जात नाही आणि त्यावर औषधही नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांचा विरोध पत्करून जी वाट धरली, ती वाट दोन वर्षांत अशी बंद झाली. घरी परतावे तर वडिलांचे म्हणणे खरे ठरत होते.

लक्ष्मणराव परतले नाहीत. रंग गेले तरी रेघ हाताशी होती. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. त्याला लागते ती बिनचूक रेघ आणि नेमके माप. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे लक्ष वळवले. १८८७ साली मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली होती. आज ती माटुंग्याला असून वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेत लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक म्हणून लागले. शाळेत ज्याचे मन लागत नव्हते, तो तरुण आता शिकवणारा झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तेथे यंत्रशाळा होती. वर्ग सुटला, की लक्ष्मणराव त्या यंत्रशाळेत शिरत. कातण्याचे यंत्र कसे चालवावे, वाफेचे इंजिन कसे उघडावे आणि पुन्हा कसे जोडावे, हे ते स्वतःच्या हातांनी शिकले. अमेरिकेतून निघणारी यंत्रविषयक मासिके ते आवर्जून वाचीत. लहानपणी पुस्तकाला कंटाळलेला हाच मुलगा होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वाचनाचा त्याला कंटाळा नव्हताच. ज्या वाचनाचा हाताशी काही संबंध नाही, त्या वाचनाचा कंटाळा होता.

याच काळात सायकल हे वाहन हिंदुस्थानात नवे नवे येऊ लागले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत. ज्यांना सायकल चालवता येत नसे त्यांना फी घेऊन ती शिकवण्याचे कामही रामूअण्णा करीत. दुकानाला दोघा भावांचे म्हणून ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव होते. बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

मुंबईच्या नोकरीत पुढे एक प्रसंग आला. बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती. ती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. पुष्कळ जण असा अपमान गिळून नोकरी टिकवीत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. यापुढे दुसऱ्याची चाकरी करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला.

सायकलींच्या धंद्यात त्यांचे मन फार काळ रमले नाही. परदेशात झालेली वस्तू आणून विकण्यापेक्षा येथे लागणारी वस्तू येथेच घडवावी, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. येथे सर्वांत जास्त माणसे कोणते काम करतात? शेतीचे. मग शेतकऱ्याला कोणते यंत्र हवे आहे? लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला, तर त्यातील बराचसा वाया जातो. बारीक तुकडे केले तर तो सगळा पोटात जातो. कडब्याचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला या यंत्राची किंमत सांगावी लागत नाही.

नंतर त्यांनी नांगर हाती घेतला. परदेशी लोखंडी नांगर समोर ठेवून त्यांनी त्याचा प्रत्येक भाग अभ्यासला. लोखंडी नांगराची खरी करामत त्याच्या वळणदार पत्र्यात असते. फाळ जमीन कापीत पुढे जातो आणि मागचा पत्रा ती कापलेली माती उचलून उलटी पाडतो. त्यामुळे तणाच्या मुळ्या उघड्या पडतात आणि वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. मात्र परदेशी नांगर परदेशी जमिनीसाठी आणि तिकडच्या घोड्यांसाठी केलेला असतो. आपली जमीन वेगळी, आपले बैल वेगळे. फाळाचा प्रश्न तर फारच अवघड होता. फाळ मऊ झाला तर तो पाहता पाहता झिजतो. अति कठीण झाला तर दगडावर आपटून त्याचा तुकडा पडतो. हे दोन्ही टाळून योग्य तो कठीणपणा साधेपर्यंत लक्ष्मणराव लोखंड वितळवीत आणि ओतीत राहिले.

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते आणि तिचा कस जातो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे एकही नांगर खपला नाही. या समजुतीला आज हसू येते. पण ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, तो माणूस नव्या वस्तूला भितो, यात नवल ते काय? जमीन नासली तर तिची भरपाई कारखानदार करून देणार नव्हता. शेवटी थोड्या धीट शेतकऱ्यांनी तो नांगर चालवून पाहिला. जमीन नासली नाही. उलट कमी बैलांत अधिक खोल नांगरट झाली आणि तण हटले. शेजारच्या बांधावर उभे राहून पाहणाऱ्यांना दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

आता कोठे जम बसू लागला होता, तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. तेथे नवी वस्ती व्हावयाची होती. यंत्रे उचलून जावे कोठे? त्या वेळी लक्ष्मणरावांनी औंध येथील यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम पत्करले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः उत्तम चित्रकार होते. ज्या कलेने लक्ष्मणरावांना परत पाठवले होते, तिचाच हा उपासक त्यांच्या साहाय्याला धावून आला. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी कारखाना तेथे हलला.

ती जमीन म्हणजे निव्वळ माळ होता. जिकडे तिकडे निवडुंग आणि त्याच्या बुडाशी नाग. पाण्याची टंचाई होती. पंचवीसएक कामगार आपल्या बायकामुलांसह या माळावर राहावयास आले. त्यांनी निवडुंग तोडला, रस्ते आखले, घरे बांधली. रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी कोणाला नेमावे? पूर्वी गुन्ह्यांत सापडलेल्या माणसांना! पुष्कळांना ही नेमणूक वेडेपणाची वाटली. परंतु त्या माणसांनी आपले काम चोख बजावले. जवळच्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरण्याचा अनुभव लक्ष्मणरावांनी लहान वयात घेतला होता. कदाचित त्यामुळेच इतरांनी टाकून दिलेल्या माणसाकडे ते वेगळ्या नजरेने पाहत असावेत. अस्पृश्यतेलाही त्यांनी आपल्या वसाहतीत थारा दिला नाही. ही वसाहत पुढे किर्लोस्करवाडी झाली आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायती नांगरांची आयात घटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याचबरोबर कच्चे लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून भट्ट्या चालू ठेवाव्या लागल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि एके काळी रणांगणावर गर्जलेले ते लोखंड नांगराच्या रूपाने शेतात उतरले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी डॉ. वासुदेवरावांचे चिरंजीव शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. शंकरराव जन्माने सोलापूरचेच. त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि त्या कलेचा उपयोग कारखान्याच्या जाहिरातींसाठी केला. गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे मासिक पुढे महाराष्ट्रातील घरोघरी वाचले जाऊ लागले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पाण्याचे पंप, इंजिने अशा एकेक वस्तू कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. विहिरीवरची मोट जाऊन तेथे पंप आला. मुलगा शंतनू अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून परत आला आणि त्याने हा व्याप पुण्या-बंगलोरपर्यंत वाढवला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापूरजवळ टिकेकरवाडी येथे आज किर्लोस्कर समूहाचा ओतकामाचा कारखाना आहे. तेथे लोखंड वितळवून इंजिनांचे भाग ओतले जातात, आणि त्यांत काळी राने नांगरणाऱ्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांचेही भाग असतात.