पंडिता रमाबाई आणि शुद्धीचे पाणी

वाळूजच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस तीर्थस्नान म्हणजे काय, हे सांगावयास नको. नाथषष्ठीस पैठणच्या गोदावरीत स्नानास लोटणारा समुदाय त्यांनी पाहिलाच आहे. तेव्हा तीर्थाचे पाणी व बाप्तिस्म्याचे पाणी ह्यांत भेद कोणता, असा प्रश्न त्यांच्या मनात येणे साहजिक आहे. ज्यांनी दोन्ही पाण्यांचा अनुभव घेतला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्या कामी आम्हांस उपयोगी पडेल.

रमाबाईंचा जन्म इ.स. १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले, आणि मातेने ते रमाबाईंस शिकविले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे. पवित्र नद्यांत स्नाने केली, ब्राह्मणांस दाने दिली, आणि असलेले द्रव्य सरले. मग दुष्काळ आला. अन्न नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत वडिलांनी एका पवित्र तलावात देह टाकण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास ह्याने कुळाचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याचे पत्करले, म्हणून तो बेत राहिला. पुढे १८७४ मध्ये थोड्याच काळाच्या अंतराने मातापिता दोघेही वारली.

भाऊ गेला, पतीही गेला. रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या. तेथे मार्ग चुकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. ह्या दयेचे मूळ कोठे आहे, असे विचारता त्यांस विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. जिला लोकांनी लाजविले, तिला प्रभूने जिवंत पाणी देऊ केले, हे त्यांच्या अंतःकरणास भिडले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे एक जुनी चाल सांगणे योग्य होईल. यहूदी लोकांच्या शुद्धिस्नानात अंगावर वस्त्र वा अंगठीही ठेवीत नाहीत, कारण पाणी सर्वांगास लागले पाहिजे. मात्र स्त्रीजवळ स्त्रीच उभी राहते. आरंभीच्या शतकांत ख्रिस्ती मंडळीतही जुना मनुष्य काढून टाकल्याची खूण म्हणून वस्त्रे उतरवून बाप्तिस्मा देत. तेव्हा स्त्रियांच्या अंगास तेल लावण्याचे काम सेविकांकडे असे, की त्यांच्या मर्यादेस धक्का लागू नये. पाण्यातून निघताच त्यांस पांढरी वस्त्रे नेसवीत. पाण्याइतकेच त्या वस्त्रासही महत्त्व होते, हे आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

बाप्तिस्मा झाला, परंतु रमाबाईंच्या मनास पूर्ण शांती लाभली नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही, असे त्यांस वाटू लागले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, शारदासदन चालवीत असताना, त्यांनी केवळ प्रभूवर भार टाकला, आणि पाण्याने जे झाले नव्हते ते विश्वासाने झाले.

त्याचे फळ १८९६-९७ च्या दुष्काळात दिसले. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुष्कळींच्या अंगावर लाज झाकण्यापुरते वस्त्रही नव्हते. केडगाव येथे त्यांस अन्न, वस्त्र, विद्या व उद्योग मिळाला, आणि मुक्तिसदन उभे राहिले. तलावाच्या काठी जी मुलगी एके काळी उपाशी उभी होती, तीच आता उपाशी मुलींची आई झाली. पुढे पुष्कळ मुलींनी भीमा नदीत बाप्तिस्मा घेतला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये निजल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, एदेनात आमच्या आदिमातापित्यांस देवाने स्वतः वस्त्रे घातली. म्हणून गावात स्त्रियांचा बाप्तिस्मा होईल, तेव्हा मंडळीतील एखादी वडील बाई कोरडे लुगडे घेऊन काठावर उभी असावी. आणि विधी आटोपून आम्ही घरी परतल्यावर, शेजारच्या कोणा निराधार स्त्रीची लाज आम्ही झाकिली, हेही स्वतःस विचारावे. पाणी वाळून जाते, पण असे पांघरलेले वस्त्र प्रभू विसरत नाही.