५५ विजय, ६० पराभव

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण चिंचवडला राहते. मेहुणे चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहेत आणि भाचा आकुर्डीच्या बाजूला इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. त्या मोसमात त्यांचा संघ पाच सामने खेळला आणि चार हरला. झालं! पहाटे साडेपाचला उठायचं, गुडघे सोलून घ्यायचे आणि पदरात काय, तर चार पराभव, असं मेहुण्यांचं म्हणणं. आमचा हा सगळा पट्टाच कारखान्यांचा. पाळी संपली की किती नग निघाले आणि किती बाद झाले, याचा हिशेब लागतो. तोच हिशेब त्यांनी पोराच्या खेळाला लावला. बहिणीनं मला फोन केला. मामानं समजूत घालावी आणि खेळ सोडायला लावावा, अशी तिची इच्छा. मी निघालो समजूत घालायला आणि सांगून आलो एका माणसाची गोष्ट. ज्यानं हा खेळ जगाला दिला, त्या जेम्स नेस्मिथची.

नेस्मिथचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१चा, कॅनडातल्या आल्मोंट गावाजवळचा. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. जेम्स नऊ वर्षांचा असताना दोघंही टायफॉइडनं गेले आणि मामानं पोरांना सांभाळलं. (हे ऐकून भाचा माझ्याकडे पाहून हसला.) पंधराव्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि तो जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला. काही वर्षांनी मात्र पुन्हा शाळेच्या बाकावर बसला, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८८७ साली पदवीधर झाला आणि पुढे धर्मशास्त्रही शिकला. सगळ्यांना वाटलं, हा आता पाद्री होणार. पण मैदानातूनही माणसं घडवता येतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. म्हणून तो अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाला.

१८९१चा हिवाळा होता. बाहेर बर्फ, त्यामुळे फुटबॉल बंद. बंदिस्त व्यायामशाळेतल्या कवायतीला १८ जणांचा एक दांडगा वर्ग कंटाळून गेला होता. शाळेच्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथला चौदा दिवसांची मुदत दिली आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितलं. त्यानं आधी जुनेच खेळ आत आणून पाहिले. पोरं एकमेकांवर आदळू लागली. मग तो शांतपणे विचाराला बसला. माणूस चेंडू घेऊन पळतो म्हणून त्याला पाडावं लागतं. मग पळूच दिलं नाही तर? गोल समोर असला की ताकदीनं चेंडू मारला जातो. मग गोल डोक्याच्या वर आडवा ठेवला तर? मग ताकद उपयोगाची नाही, चेंडू कमानीसारखा हळूच वर सोडावा लागेल. लहानपणी गावात मोठ्या दगडावरचा छोटा दगड नेम धरून पाडण्याचा एक खेळ ही मुलं खेळत. तिथंही जोरापेक्षा नेम महत्त्वाचा. तीच आठवण इथं कामी आली.

त्यानं शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्या दहा फूट उंचीवरच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम टाइप करून फलकावर लावले आणि डिसेंबरात नऊ-नऊ जणांचे दोन संघ मैदानात उतरले. अख्ख्या सामन्यात एकच गोल झाला! आज शंभर-शंभर गुण पाहणाऱ्यांना हसू येईल, पण खेळ जन्मला होता. कुणी त्याला नेस्मिथचं नाव द्यायला सुचवलं, ते त्यानं हसण्यावारी नेलं. पेटंटही घेतलं नाही.

पुढं डेन्व्हरला राहून तो १८९८ साली डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी कॅन्ससच्या विद्यापीठात प्रार्थना आणि शारीरिक शिक्षण सांभाळायला आला. तिथं त्यानं कॉलेजचा संघ बांधला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना झाला, कॅन्सस सिटीच्या वायएमसीएविरुद्ध. खेळाचा जनक बाजूला उभा, आणि संघ १६-५ असा हरला! तो मोसम तरी सात विजय, चार पराभव असा निभावला. पुढच्या वर्षी तीन-चार, त्यानंतर चार-आठ. १९०७ साली त्यानं संघ सोडला तेव्हा नऊ मोसमांची बेरीज होती ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक एकच, आणि तो हा!

याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्याचं मत. त्याला स्वतःला तर कुस्ती जास्त आवडे! पण त्याच्या संघातला एक मुलगा, फॉग अ‍ॅलन, त्याच्यानंतर संघ शिकवू लागला आणि मोठा प्रशिक्षक झाला. अ‍ॅलनचा शिष्य अ‍ॅडॉल्फ रप यानं केंटकीच्या संघाला ८७६ विजय मिळवून दिले.

मला मात्र खरी मोठी वाटते ती जॉन मॅक्लेन्डनची हकीकत. १९३३ साली हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शिकायला आला. त्याच्या रंगामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथनं त्याला आपल्या पंखाखाली घेतलं, शिकवलं, वाट दाखवली. त्याच मॅक्लेन्डनच्या संघानं १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं कॉलेजांची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ज्याला एकही सामना खेळू दिला नाही, तो मुलगा ५५ आणि ६०च्या कोणत्या रकान्यात बसवायचा?

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल आला तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेनं वर्गणी काढून म्हाताऱ्याला तिथं नेलं. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिका १९, कॅनडा ८. त्याच पावसानं लांबलेला हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी ध्यानचंदांच्या भारतानं जिंकला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी नेस्मिथ गेला. त्याच्या तेरा नियमांचे ते कागद २०१० साली ४३ लाख डॉलरना विकले गेले. त्यानं स्वतः मात्र खेळातून धन जमवलं नाही.

गोष्ट संपली तेव्हा मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की टूलरूममध्ये आम्ही डाय बनवतो, ती काही गिऱ्हाइकाला जात नाही, दिवसाच्या उत्पादनात मोजलीही जात नाही. पण सगळे नग निघतात ते तिच्यातूनच. मी काहीच बोललो नाही. समजूत घालायला आलो होतो, ती त्यांनी आपली आपणच घातली होती.

भाचा अजून खेळतो. या मोसमात किती जिंकले, हे मी विचारलेलं नाही. पहाटे साडेपाचचा गजर मात्र आता मेहुणेच लावतात, असं बहीण सांगत होती.