नट डावीकडे, आवाज उजवीकडे

मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्यालाही वाचा दिली. त्या नवलाईत प्रेक्षक इतके रमले होते, की पात्र पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात असले तरी त्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो याचे कोणाला फारसे काही वाटत नव्हते. साहजिकच होते ते. मुका माणूस बोलू लागल्यावर तो कुठल्या बाजूने बोलतो हे कोण पाहणार?

१९३१ च्याच सुरुवातीला लंडनमधल्या एका साध्या चित्रपटगृहात बसलेला सत्तावीस वर्षांचा एक इंजिनियर मात्र अस्वस्थ होता. पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसऱ्याच बाजूने, हे त्याला खपेना. शेजारी बसलेल्या डोरीनला, म्हणजे पुढे त्याची पत्नी झालेल्या तरुणीला, त्याने सांगितले की आवाजाला पात्रामागे चालायला लावण्याचा मार्ग आपल्याला सापडला आहे. या माणसाचे नाव ॲलन डॉवर ब्लुमलाइन. आज संगणकाला जोडायचे दोन, तीन किंवा सहा स्पीकरचे जे खोके दुकानात मिळतात, त्या सगळ्यांचे मूळ त्या संध्याकाळच्या चिडचिडीत आहे.

ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील जर्मनीत जन्मलेले खाण अभियंता, आई दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांचा असताना ॲलनने घराच्या दारावरची बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हाती चक्क बिल ठेवले, खाली स्वतःच्या नावापुढे विद्युत अभियंता असा हुद्दा लिहून. अकराव्या वर्षी वडील गेले. हा मुलगा बाराव्या वर्षापर्यंत धड वाचू शकत नव्हता. आज असे मूल बालविभागात आणले गेले असते तर त्याच्या केसपेपरवर काहीतरी नाव पडले असते. शंभर वर्षांनंतर, रुग्ण समोर नसताना, असे निदान करण्यात मात्र अर्थ नाही. एवढे नक्की, की एकदा वाचायला लागल्यावर त्यांनी मागचे सगळे भरून काढले आणि लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात मिळवली.

पहिली नोकरी टेलिफोनच्या कंपनीत. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये एका जोडीवरचे बोलणे शेजारच्या जोडीवर झिरपत असे. तो दोष कमी करण्याच्या त्यांच्या युक्त्यांनी कंपनीचे बरेच पैसे वाचवले. १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. इथे त्यांचे वरिष्ठ आयझॅक शोएनबर्ग हे गुणी माणसाला मोकळीक देणारे होते. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वाली ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन ईएमआय ही कंपनी झाली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या रेकॉर्डवर मराठी घरांनी बालगंधर्व ऐकले, त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्लुमलाइन आता काम करत होते.

चित्रपटगृहातल्या त्या संध्याकाळीनंतर त्यांनी यंत्राकडे वळण्याआधी कानाचा विचार केला, आणि तिथेच त्यांचे वेगळेपण आहे.

आवाज कुठून आला हे आपल्याला कसे कळते? कान दोन आहेत आणि मध्ये डोके आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अगदी डाव्या बाजूने आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो, आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानात जायला त्याला सेकंदाचा साधारण दीड हजारावा भाग जास्त लागतो. मेंदूच्या तळाशी दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांची वेळ ताडून पाहणारी केंद्रे आहेत. सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकही माणसाला ओळखता येतो. भरड, खर्जातल्या आवाजांसाठी ही वेळेची युक्ती चालते. बारीक, उंच आवाजांना डोके अडवते, म्हणून पलीकडच्या कानावर त्यांची सावली पडते आणि तिथे आवाज हळू लागतो. या दोन युक्त्यांची मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच केली होती.

ब्लुमलाइन यांच्यापुढची अडचण वेगळी होती. कानाला लावायचे दोन रिसीव्हर असतील तर सोपे. डाव्याचे डाव्याला, उजव्याचे उजव्याला. पण खोलीत दोन स्पीकर ठेवले की दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात. सगळी सरमिसळ. त्यांच्या लक्षात आले की ही सरमिसळच कामाला लावता येते. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज एकाच क्षणी सोडायचा, फक्त डावा थोडा मोठा ठेवायचा. डाव्या कानात जवळच्या स्पीकरची मोठी लाट आधी येते, दूरची लहान लाट मागून. उजव्या कानात लहान आधी, मोठी मागून. दोन्हींची बेरीज होते तेव्हा डाव्या कानातल्या एकत्रित लाटेचा माथा आधी येतो आणि उजव्यातला उशिरा. म्हणजे स्पीकरला दिला फक्त लहानमोठेपणाचा फरक, कानाला मिळाला वेळेचा फरक. मेंदूला वाटते की गायक दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत, किंचित डावीकडे उभा आहे.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यात सत्तर दावे होते. एकमेकांना काटकोनात, एकाच जागी ठेवलेले दोन मायक्रोफोन. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरण्याची रीत. चित्रपटासाठी दुहेरी ध्वनिपट्टी. स्टिरिओ हा शब्द त्यांनी वापरला नाही, ते त्याला दोन कानांचा आवाज म्हणत.

आता खांदेश्वरकडे येऊ. कारण या पेटंटातली भूमिती नव्वद वर्षांनीही बदललेली नाही, आणि सिडकोच्या इमारतीतल्या दहा बाय दहाच्या खोलीला ती फार उपयोगी आहे. ब्लुमलाइन यांचे गणित तेव्हाच जुळते जेव्हा ऐकणारा दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर असतो. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण करायचा. संगणकाच्या टेबलावर दोन स्पीकर तीन फूट अंतरावर असतील तर डोकेही तेवढेच लांब, आणि स्पीकरची तोंडे कानांच्या उंचीला, किंचित आत वळवलेली. एक स्पीकर खिडकीत आणि दुसरा पुस्तकांच्या मागे ठेवला, तर कितीही महागडा संच घ्या, सगळा आवाज जवळच्या स्पीकरमध्येच जाऊन बसेल.

मग सहा स्पीकरचा, म्हणजे पाच आणि एक असा संच कशासाठी? त्यालाही कानाचेच कारण आहे. समोरून आणि बरोबर मागून आलेला आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो. पुढचे-मागचे ओळखायला आपण मान हलवतो आणि कानाच्या पाळीच्या वळणांनी आवाजात होणारा बारीक बदल वापरतो. दोन स्पीकर हे काम भरवशाने करू शकत नाहीत, म्हणून मागचा आवाज हवा तर मागे खरे स्पीकर हवेत. त्यांची जागा मागच्या भिंतीवर नव्हे, तर बाजूला आणि जराशी मागे असते. नाक समोर धरले तर सुमारे ११० अंशांवर. खांदेश्वरच्या बहुतेक घरांत टेबल भिंतीला लागलेले, खुर्चीच्या पाठीशी पलंग, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला दार. तिथे एक स्पीकर कानाशी आणि दुसरा कपाटावर जातो. अशा खोलीत एकट्याने बसून सिनेमा पाहणाऱ्याने त्याच पैशांत सहा किरकोळ स्पीकरऐवजी दोन चांगले घ्यावेत. दिवाणखान्यात सोफा भिंतीपासून सुटा ठेवता येत असेल आणि सगळे घर एकत्र पाहणार असेल, तर सहाचा विचार जरूर करावा.

खोक्यावर हजारोंचा आकडा असतो तो बहुधा पीएमपीओ वॅटचा. तो वाचून सोडून द्यावा. आरएमएस वॅट काय ते विचारावे. संगणकाच्या मागे हिरवे, काळे, केशरी अशी तीन छिद्रे आहेत की एकच, हे आधी पाहावे. एकच असेल तर सहा स्पीकरच्या संचाला एचडीएमआय किंवा यूएसबीची जोडणी लागेल. खर्जाचा मोठा डबा, म्हणजे सबवूफर, कुठेही ठेवला तरी चालतो, कारण इतक्या खोल आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. मात्र कोपऱ्यात ठेवला तर तो घुमतो आणि स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. आणि आवाज किती? मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही आहे. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. ज्याला कुठलाही संच एकाच बाजूने वाजतोय असे वाटते, त्याने स्पीकर बदलण्याआधी कान तपासून घ्यावेत. मळ असेल तर तो निघतो. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले असेल तर दिवस दवडू नयेत, तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. उपचार जितके लवकर तितकी आशा जास्त.

१९३३ मध्ये ब्लुमलाइन यांचे डोरीनशी लग्न झाले. १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाने वाजवलेली मोझार्टची सिम्फनी त्यांनी आपल्या पद्धतीने मुद्रित केली. १९३५ मध्ये काही प्रायोगिक फिती काढल्या. त्यातली एक अगदी साधी आहे: कंपनीजवळच्या हेझ स्थानकातून गाड्या येतात आणि जातात. गाडी पडद्यावर जिकडून जिकडे सरकते, तिकडूनच तिकडे खडखडाट सरकतो. खांदेश्वरच्या फलाटावर डोळे मिटून उभे राहिले तर गाडी पनवेलकडून येते आहे की मानसरोवरकडून, हे कोणालाही कळते. तेवढेच त्यांना पडद्यावर आणायचे होते, आणि ते त्यांनी आणले.

कंपनीने पुढे हे काम कपाटात ठेवले. मंदीचे दिवस होते, एका स्पीकरचा ग्रामोफोन घेणेच लोकांना जड जात होते, दोन कोण घेणार? व्यापाराच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. ब्लुमलाइन यांना दूरचित्रवाणीच्या कामाला जुंपले गेले आणि तिथेही ते मोठेच ठरले. बीबीसीने १९३६ मध्ये सुरू केलेल्या सेवेसाठी निवडल्या गेलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीच्या विद्युतमंडलांत त्यांचा मोठा वाटा होता.

मग युद्ध आले. ढगांवरून आणि अंधारातून खालची जमीन दाखवणारे रडार विमानात बसवायचे होते. एचटूएस हे त्याचे सांकेतिक नाव. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे विमान डेफर्ड तळावरून उडाले. उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली, ती विझली नाही आणि हेरफर्डशरमध्ये वाय नदीजवळच्या वेल्श बिकनर इथे विमान कोसळले. अकराच्या अकरा जण गेले. त्यात ब्लुमलाइन आणि त्यांचे ईएमआयमधले दोन सहकारी, सेसिल ब्राऊन आणि फ्रँक ब्लायथन, होते. चौकशीत दिसले ते इतकेच, की इंजिनाच्या झडपेजवळचा एक नट नीट आवळलेला नव्हता. ब्लुमलाइन तेव्हा ३८ वर्षांचे होते. १२८ पेटंटे त्यांच्या नावावर होती आणि घरी दोन लहान मुलगे होते.

रडार गुप्त, म्हणून मृत्यूही गुप्त. शत्रूला सुगावा लागू नये यासाठी बातमी दाबून ठेवली गेली, आणि असा माणूस जगाला न कळताच गेला. ते रडार पुढच्या जानेवारीत बॉम्बफेकी विमानांतून वापरात आले.

अमेरिकेत १९४० च्या ‘फँटेशिया’साठी डिस्ने यांनी प्रेक्षागृहात अनेक बाजूंनी आवाज सोडून पाहिला होता, पण ती यंत्रणा मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानांत आल्या १९५८ च्या सुमारास. खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची जी रीत सगळ्यांनी घेतली, ती ब्लुमलाइन यांच्या पेटंटात होती. पण त्याची मुदत तोवर संपून गेली होती. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी मिळाले. हेझ स्थानकातल्या गाड्यांची ती फीत शिल्लक आहे. दोन बरे स्पीकर त्रिकोणात मांडून ती ऐकली, तर गाडी अजूनही टेबलाच्या एका कडेने येते आणि दुसऱ्या कडेने निघून जाते.