चिमणीचे गीत गाणारी अभिनेत्री

वाचकहो, रंगभूमी आणि मंडळी यांचे फारसे सख्य नाही, हे आपण जाणताच. नाटकगृहाची पायरी चढू नये, असे आपल्या कितीतरी घरांतून मागील पिढीपर्यंत बजावले जात असे. असे असता अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय नटीची जीवनकथा आपल्यापुढे का ठेवावी? कारण असे, की जिला मोलकरणीच्या भूमिकाही मिळाल्या, तिने एक मोठी भूमिका केवळ एवढ्यासाठी नाकारली की, त्या मोलकरणीच्या अंतःकरणात देवाला जागा ठेवलेली नव्हती. तिचे नाव एथेल वॉटर्स.

३१ ऑक्टोबर १८९६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर या गावी तिचा जन्म झाला. तिची आई लुईझ त्या वेळी स्वतःच कोवळ्या वयाची मुलगी होती, आणि तिच्यावर झालेल्या बलात्कारातून हे मूल जन्मास आले होते. अशा अपत्याकडे पाहून त्या मुलीला माया फुटावी तरी कशी? आईचा जिव्हाळा एथेलला लाभला नाही. आजी सॅली अँडरसन ही श्वेतवर्णीयांच्या घरी कामाला जाई. तिनेच नातीला वाढविले. एथेल आजीला मॉम म्हणे आणि जन्मदात्रीला मॉमवीझ. या दोन हाकांमधले अंतर आपल्या लक्षात आलेच असेल.

फिलाडेल्फिया व आसपासच्या दरिद्री वस्त्यांतून हे कुटुंब सतत बिऱ्हाड हलवीत राहिले. भूक लागली की चोरावे, शिवी ऐकली की शिवी द्यावी, हेच तेथले शिक्षण. मात्र काही काळ ती एका कॅथलिक शाळेत गेली आणि तेथील धर्मभगिनींनी तिला प्रेमाने वागविले, ही गोष्ट ती कधी विसरली नाही. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांसाठी भरलेल्या एका संजीवन सभेत तिला देवाच्या सान्निध्याचा अनुभव आला. परंतु तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा मारहाण करणारा निघाला. त्याला सोडून ती फिलाडेल्फियातील एका हॉटेलात मोलकरीण म्हणून राहिली. वेतन आठवड्याला ४ डॉलर ७५ सेंट.

सतराव्या वाढदिवशी मैत्रिणींच्या आग्रहावरून ती एका मेजवानीत गायली आणि त्यातूनच बाल्टिमोर शहरातील लिंकन थिएटरमध्ये तिला आठवड्याला १० डॉलरवर काम मिळाले. पुढची वीस वर्षे आपण भराभर ओलांडू. त्या काळी ती गात असे त्यांपैकी काही गाणी मंडळीत उच्चारण्याजोगी नव्हती, हे लपविण्यात अर्थ नाही. १९२१ साली तिच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, कीर्ती न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली आणि १९३३ साली संगीतकार आयर्व्हिंग बर्लिन यांनी तिला ब्रॉडवेवरील ‘अ‍ॅज थाउजंड्स चिअर’ या खेळात घेतले. श्वेतवर्णीय नटांच्या या खेळात एका कृष्णवर्णीय स्त्रीला त्यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले, ही त्या देशात नवलाची गोष्ट होती. खेळ हसण्याखिदळण्याचा, पण त्यात एथेलबाईंच्या वाट्याला एक वेगळेच गीत आले होते. संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली आहे, जमावाने पतीला ठार मारले आहे, आणि आता मुलांना काय सांगावे हे पत्नीला कळत नाही. करमणुकीसाठी आलेल्या श्रीमंत प्रेक्षकांना रोज रात्री हे ऐकावे लागे.

३ जानेवारी १९३९ रोजी त्या ‘माम्बाज डॉटर्स’ या गंभीर नाटकात उभ्या राहिल्या. पात्राचे नाव हागार. उत्पत्तीच्या पुस्तकात रानात हाकलून दिलेल्या त्या दासीचे स्मरण आपल्याला लगेच होईल. नाटकातील हागारही अशीच दीन, धिप्पाड, अडाणी स्त्री आहे आणि लेकीसाठी ती सर्वस्व देऊन टाकते. एथेलबाईंना या हागारेत आपली आई दिसली. जी आई त्यांना कधी जवळ घेऊ शकली नव्हती, तिचे मुके दुःख त्यांनी रात्रीमागून रात्र अंगावर घेतले. पहिल्या प्रयोगानंतर प्रेक्षकांनी पडदा सतरा वेळा वर घ्यावयास लावला. माझ्या मते ही त्यांच्या आयुष्यातील सर्वात थोर भूमिका होय. आईला क्षमा करण्याचा हा मार्ग किती जणांना सुचला असता?

त्याच वर्षी १४ जून रोजी एनबीसी कंपनीच्या प्रायोगिक केंद्रावरून दूरचित्रवाणीवर त्यांचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम झाला आणि त्यात या नाटकातील प्रवेशही दाखविण्यात आला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ही यंत्रे अगदी मोजक्या घरांत होती. कृष्णवर्णीय व्यक्तीचा असा कार्यक्रम त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

एथेलबाई स्वभावाने तापट होत्या, संशयीही होत्या. १९४३ सालच्या ‘केबिन इन द स्काय’ या चित्रपटात प्रार्थनाशील पत्नीची भूमिका करीत असताना चित्रीकरणाच्या जागी त्यांचा मोठा भडका उडाला आणि पुढे सुमारे सहा वर्षे चित्रपटांचे दार बंद राहिले. १९४९ च्या ‘पिंकी’ने ते पुन्हा उघडले. त्यातील आजीच्या भूमिकेसाठी ऑस्करकरिता त्यांचे नामांकन झाले.

आणि आता तो प्रसंग. कार्सन मॅकुलर्स यांच्या ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ या नाटकातील बेरेनिस ही स्वयंपाकीण त्यांना देऊ करण्यात आली. पैशांची चणचण होती, काम उत्तम होते. तरी त्यांनी नकार दिला. एवढे सोसलेली कृष्णवर्णीय स्त्री देवावाचून जगते, हे त्यांना पटेना. अखेर भूमिका आपल्या समजुतीप्रमाणे करण्याची मुभा मिळाली तेव्हाच त्या तयार झाल्या. नाटकात एक रशियन अंगाईगीत होते. त्याच्या जागी त्यांनी ‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’ हे आजीच्या वेळेपासून हृदयात जपलेले भक्तिगीत घातले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने चिमण्यांविषयी जे सांगितले आहे, त्यावर सिव्हिला मार्टिन यांनी १९०५ साली ते रचले होते. स्वयंपाकघरात दोन पोरक्या मनाच्या मुलांना कुशीत घेऊन बेरेनिस ते गाते. ५ जानेवारी १९५० पासून या नाटकाचे ५०१ प्रयोग झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एबीसी वाहिनीवर ‘ब्यूला’ ही साप्ताहिक मालिका सुरू झाली. नायिका पुन्हा मोलकरीणच. पण ही मोलकरीण मालकाच्या घरची कोडी सोडवून हसविण्यापुरती. देशभर दिसणाऱ्या मालिकेत कृष्णवर्णीय व्यक्ती प्रमुख असण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि पैसाही मिळत होता. तरी १९५१ साली त्यांनी ती सोडली. दोन्हीकडे कमरेला एकच एप्रन, परंतु बेरेनिसला आत्मा होता. याच वर्षी निघालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्याच भक्तिगीताचे नाव दिले.

यानंतर उतरती कळा लागली. करांची थकबाकी, मधुमेह, प्रचंड वाढलेले शरीर आणि एकाकीपण. १९५७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या सभा चालू होत्या. (आदल्याच वर्षी ते भारतात येऊन गेले होते, मद्रास व कोट्टायमच्या सभा ऐकलेल्यांची मुले-नातवंडे आपल्या वाचकांत असतील.) एथेलबाई तेथे साध्या श्रोत्या म्हणून गेल्या, पुन्हा गेल्या आणि मग गायकवृंदात जाऊन बसल्या. जिच्या नावावर नाटकगृहे भरत, ती स्त्री शेकडो आवाजांत एक आवाज होऊन गाऊ लागली. नंतर त्यांना एकटीने गाण्याची विनंती झाली, तेव्हा कोणते गीत निवडले हे सांगावयास नको. पुढे अनेक वर्षे त्या या सभांतून गात राहिल्या.

अभिनय मात्र पूर्ण सुटला नव्हता. १९६१ साली ‘रूट ६६’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात त्यांनी मरणासन्न गायिकेची भूमिका केली. जुन्या सोबत्यांना अखेरचे एकत्र पाहावे, एवढीच तिची इच्छा असते. या भूमिकेसाठी त्यांना एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले. कृष्णवर्णीय स्त्रीला हा मान त्यापूर्वी मिळालेला नव्हता.

शेवटच्या आजारात कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे एका तरुण दांपत्याने त्यांना आपल्या घरी ठेवून त्यांची शुश्रूषा केली. त्याच घरी १ सप्टेंबर १९७७ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी डोळे मिटले. सतरा वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.