चमचाभर तेल आणि वीस गुंठे पाणी : बेंजामिन फ्रँकलिन



तिसरीच्या वर्गात 'पाण्यात काय मिसळते, काय मिसळत नाही' हा पाठ घेत होते. दूध मिसळलं, लिंबाचा रस मिसळला, मध आधी तळाशी बसला आणि ढवळल्यावर विरघळला. तेल मात्र वर तरंगलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आई भांडी घासते तेव्हा तेल कुठं जातं?" तास संपत आला होता. मी म्हणाले, "ते पुढच्या वर्गात शिकशील." मुलगी गप्प बसली. ते मला दिवसभर टोचत राहिलं. म्हणून आज अशा एका माणसाची गोष्ट, ज्यानं असे प्रश्न आयुष्यभर सोडले नाहीत.

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली कामाला लागला, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात गेला. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. पुढे फिलाडेल्फियात त्याचा स्वतःचा छापखाना झाला, नाव झालं.

१७५७ साली तो जहाजाने इंग्लंडला निघाला. सोबत बरीच जहाजं होती. त्यातल्या दोन जहाजांमागचं पाणी अगदी शांत दिसत होतं. कप्तानाला विचारलं, तर तो म्हणाला की आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतलं असेल. एवढ्या उत्तरावर फ्रँकलिनचं समाधान झालं नाही. १७६२ साली परत येताना त्याने काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल घालून दिवा केला आणि तो टांगला. जहाज हललं की तेलाचा वरचा भाग स्थिर राही, पण तेलाखालचं पाणी मात्र हेलकावे खाई!

नंतर लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या मोठ्या तळ्यावर त्याने प्रयोग केला. वारा सुटला होता, लाटा उठत होत्या. आधी वारा जिकडे वाहत होता त्या काठाला तेल टाकलं, तर वाऱ्याने ते परत काठाशी ढकललं. मग जिकडून वारा येत होता त्या काठाला गेला. तिथं फक्त चमचाभर तेल टाकलं. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे पाणी आरशासारखं शांत झालं. यानंतर तो आपल्या बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात तेल भरून फिरायचा.

१७७३ साली पोर्ट्समथच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने हाच प्रयोग मोठा करून पाहिला. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा काही कमी झाल्या नाहीत. प्रयोग फसला. १७७४ साली निबंध छापला, तेव्हा त्याने हे अपयशही लपवलं नाही. आपण मात्र वर्गात प्रयोग फसला की साहित्य पटकन आवरतो!

पुढे १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी तो वारला. त्याच्या चमचाभर तेलाचा थर किती पातळ होता, हे त्याने मोजलं नाही. हिशेब केला तर मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा येतो. म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या जाडीचा. शंभर वर्षांनंतर, १८९० च्या सुमारास, लॉर्ड रॅले यांनी असा थर मोजला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुन्हा दोन पेले ठेवले. दोन्हींत पाणी आणि तेल. एकात साबणाचं पाणी घातलं आणि त्या मुलीलाच ढवळायला सांगितलं. पाणी दुधाळ झालं, तेल दिसेना. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाचे बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. साबणवाल्याच्या मुलाची गोष्ट सांगता सांगता तिचं उत्तर तिला मिळालं.

पालकहो, घरीही हे करून पहा. आणि उत्तर येत नसेल तर मुलाला 'नंतर' म्हणू नका, 'चल, करून बघू' म्हणा.