आखाड्याबाहेरचा माणूस

गेल्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यात आमच्या सेंटरला पाचवा फाऊल झाला म्हणून पंचांनी बाहेर काढले. वास्तविक तो त्याचा चौथाच होता. दुसऱ्याचा एक फाऊल त्याच्या नावावर लिहिला गेला होता. आम्ही एकदम गलका केला. सरांनी आम्हांला गप्प केले आणि स्वतः टेबलाशी जाऊन एकेक नोंद तपासायला लावली. आवाज चढवला नाही, पण तिथून हललेही नाहीत. चूक दुरुस्त झाली, आमचा गडी आत आला. सामना आम्ही तरीही हरलो, ती गोष्ट निराळी!

रात्री उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर हाच विषय चालला होता. कराडकडचा खोलीमित्र एवढेच म्हणाला, की हेलसिंकीला असा एखादा माणूस हजर असता तर खाशाबांच्या पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. खाशाबा जाधवांचे नाव मला ठाऊक होते. ही हकीगत नव्हती. मग जिथे मिळेल तिथे वाचत गेलो.

कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरचीच. शाळा कराडचे टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. मातीवर वाढलेला हा मल्ल मॅटवर परदेशी नियमांनी लढला आणि सहावा आला.

१९५२ ची कथा मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. निवड स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरकुस्ती ठरली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे? गावोगाव वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. (आपल्यापैकी कोणासाठी कोणी असे करील का, हा प्रश्न प्राध्यापकांना विचारण्याचे धाडस माझ्यात नाही!)

हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीईशी कुस्ती फार लांबली आणि ती एका गुणाने गेली. दम खाण्याआधीच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण नियम पंचांच्या तोंडावर सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. परक्या देशात, धाप लागलेल्या पैलवानाने कोणाशी वाद घालायचा? ते लढले आणि हरले. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि सहाय्यक आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, तो घ्यायला ते नव्हते.

पण माझे मन अजून १९५२ मध्येच घोटाळते. पदक घेऊन आले तेव्हा दीडशेच्या वर बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीला जुंपल्या होत्या म्हणतात. तो गुलाल झटकून खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले, कुस्त्या लढले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.